दोन मॉनिटर, मध्ये कॅमेरा: लाइव्ह वर्गाच्या टेबलाच्या नोंदी

जागा: नाशिक, १० × १२ फुटांची खोली, पश्चिमेला एक खिडकी.
काम: दहावीच्या गणिताचा आठवड्यातून दोन संध्याकाळी लाइव्ह वर्ग. त्याच टेबलावर बाकीच्या दिवशी त्या वर्गांचे छोटे व्हिडिओ कापून तयार करणं.
सामान: डेस्कटॉप पीसी, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड (एक एचडीएमआय, तीन डिस्प्लेपोर्ट). २७ इंची २५६० × १४४० मॉनिटर आणि २४ इंची १९२० × १०८० मॉनिटर, दोन्ही आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारं पॅनेल). मिररलेस कॅमेरा, यूएसबी कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र पीसीत आणणारं), पेन टॅबलेट (पेनने लिहिलेलं स्क्रीनवर उमटवणारी पाटी).

२ जून २०२५: मोजमाप

पहिलं माप शिकवणाऱ्याच्या डोळ्यांचं घेतलं. टेबलाची उंची ७४ सेंमी आहे. नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखं बसल्यावर डोळे टेबलापासून ४५ सेंमी वर येतात. ताठ बसवून माप घेऊ नये. पंधरा मिनिटांत माणूस तीन-चार सेंमी खाली सरकतोच.

कॅमेरा याच उंचीवर हवा. आधी कॅमेऱ्याची जागा ठरवायची, मग त्याच्याभोवती मॉनिटर मांडायचे. बहुतेक टेबलांवर उलटं होतं: मॉनिटर छान मांडले जातात आणि उरलेल्या फटीत कॅमेरा बसतो. मग शिकवणारा तासभर मुलांच्या खांद्यापलीकडे बघत राहतो.

शेजारी-शेजारी मांडणी कागदावर तपासली. कडांसह २७ इंची मॉनिटर साधारण ६१.५ सेंमी रुंद आहे, २४ इंची ५४ सेंमी. मोठा समोर ठेवला तर छोट्याचा मध्य ५८ सेंमी बाजूला जातो. डोळे ७५ सेंमीवर धरले तर हा कोन सुमारे ३८ अंशांचा होतो. चॅट वाचायला मान वळली की कॅमेऱ्यात कान दिसणार. दोघांची जोड बरोबर मध्ये घेतली तर कोन २१ अंशांवर येतो, पण मग नेमकं समोर दोन काळ्या कडा येतात आणि एडिटिंगच्या वेळी मान कायम एका बाजूला राहते.

एकावर एक मांडणी मात्र जमण्यासारखी दिसते. खाली २७, वर २४, मधल्या फटीत कॅमेरा.

४ जून: पुठ्ठ्याचे साचे

मॉनिटरच्या बाहेरच्या मापाचे दोन पुठ्ठे कापून भिंतीला टेपने चिकटवले, कॅमेऱ्याच्या जागी कागदाचं वर्तुळ. खुर्चीत बसून तासभर प्रत्यक्ष शिकवल्यासारखं करून बघावं. एक रुपयाही न घालवता इतकी माहिती दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही.

ठरलेली मापं, टेबलाच्या पृष्ठभागापासून: खालच्या मॉनिटरची खालची कड १० सेंमी, वरची ४६. मध्ये ११ सेंमी फट. वरचा मॉनिटर ५७ ते ८९. लेन्सचा मध्य ५१ वर.

कामाची वाटणीही आजच ठरली आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वरची स्क्रीन मुलांची, खालची आपली. स्लाइड, पेनने सोडवलेली गणितं, मुलांना जे जे दिसायचं ते वर. ओबीएस (लाइव्ह पाठवण्याचा प्रोग्राम), चॅट, टिपणं, घड्याळ खाली. ही शिस्त पाळली की चुकून वैयक्तिक काही लाइव्ह जाण्याची निम्मी भीती तिथेच संपते.

छोटा मॉनिटर वर घेण्यामागे कारण आहे. लाइव्ह १०८० मध्ये जाणार. १०८० चीच स्क्रीन पकडली तर एक पिक्सेल तसाच एक पिक्सेल जातो. १४४० ची पकडून ०.७५ पटीने लहान केली की समीकरणांतले घातांक आणि दशांशचिन्हं मऊ पडतात. मोबाइलवर बघणाऱ्या मुलाला तेच आधी दिसेनासे होतात.

७ जून: टेबल, क्लॅम्प, खांब

मॉनिटर धरायला गॅस स्प्रिंगचे दोन हात की उभा खांब, यावर फार विचार लागला नाही. गॅस स्प्रिंगचा हात वरच्या मॉनिटरला हवी तेवढी उंची सहसा देत नाही, आणि या मांडणीत मॉनिटर रोज हलवायचे नाहीत. ३५ मिमी व्यासाचा, ८० सेंमी उंचीचा खांब घेतला.

फळी १८ मिमीची, पार्टिकल बोर्डाची. अशा फळीवर क्लॅम्प थेट आवळू नये. क्लॅम्पचं खालचं पाऊल रुपयाच्या नाण्याच्या दुप्पट असतं, ते हळूहळू भुशात रुततं. खांब पुढे कलतो आणि एके दिवशी फळीची कड सनमायकासकट तुटते. फळीखाली २० × २० सेंमी, ६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी घेतली, वरून १२ मिमी प्लायचा तेवढाच तुकडा. पट्टीच्या कडा कानशीने घासल्या, नाहीतर गुडघा फाटतो. दोन्हींमध्ये फळी सँडविचसारखी धरली गेली आणि जोर पसरला. एकूण जाडी ३६ मिमी. विकत घेताना क्लॅम्पचं तोंड किती उघडतं ते या एकूण जाडीशी ताडून पाहावं, नुसत्या फळीशी नाही.

टेबल भिंतीपासून १० सेंमी पुढे ओढलं. क्लॅम्पच्या मागच्या बाजूला जागा लागतेच, केबल उतरायलाही हीच फट उपयोगी पडते.

टेबल दक्षिणेच्या भिंतीला लावलं, म्हणजे पश्चिमेची खिडकी उजव्या हाताला येते. खिडकी पाठीशी असती तर चेहरा काळा झाला असता, समोर असती तर दोन्ही स्क्रीन दिसल्या नसत्या.

८ जून: मॉनिटर चढवले

दोन्हींना मागे १०० × १०० मिमीची भोकं आहेत. स्क्रू एम४, लांबी १० ते १२ मिमी. २४ इंचीची भोकं खोलगट जागेत आहेत, तिथे पट्टी टेकतच नाही. त्यासाठी १५ मिमीचे स्पेसर आणि २५ मिमीचे स्क्रू लागले. स्पेसरशिवाय लांब स्क्रू आत घातला तर तो पॅनेलच्या मागच्या बोर्डापर्यंत पोचू शकतो. हाताने फिरवताना अचानक घट्ट लागलं की थांबावं.

आधी खालचा, मग वरचा. वरचा चढवायला दोन माणसं लागतात: एकाने धरायचा, दुसऱ्याने स्क्रू लावायचे. खांबावरची कडी आधी हव्या त्या उंचीवर घट्ट करून ठेवावी. मॉनिटर लावल्यावर कडी सरकली तर वरचा खालच्यावर येतो.

वरच्याला पुढे १२ अंश झुकवला, म्हणजे स्क्रीन डोळ्यांकडे वळते. झुकवल्यामुळे छतावरची ट्यूबही तीत दिसेनाशी झाली.

१० जून: केबल

२७ इंची डिस्प्लेपोर्टवर, २४ इंची एचडीएमआयवर. दोन्ही केबल ग्राफिक्स कार्डाच्याच पोर्टात. मदरबोर्डाचा एचडीएमआय पोर्ट वर असल्यामुळे हात तिकडेच जातो. तिथे लावली तर एक स्क्रीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर आणि एक कार्डावर चालते, आणि ओबीएसमध्ये एक कॅप्चर काळा दिसतो किंवा अडखळतो.

डिस्प्लेपोर्टची स्वस्त केबल टाळावी. काही केबलींत २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. नियमाप्रमाणे ती जोडायची नसते. मॉनिटरचे ३.३ व्होल्ट त्या वाटेने कार्डात शिरतात, पीसी बंद केल्यावर पंखा किंचित हलतो किंवा सुरू होताना चित्र येत नाही. असं झालं की कार्डाला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी.

लांबी: खालच्याला २ मीटर, वरच्याला ३ मीटर. खांबाला वेल्क्रो पट्ट्यांनी बांधल्या. प्लास्टिकचे टाय दिसायला नीट दिसतात, पण मापं बदलली की कापावे लागतात आणि मापं बदलणार हे नक्की असतं. प्रत्येक मॉनिटरच्या मागे तळहाताएवढा सैल वळसा ठेवला. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी: ‘वर’, ‘खाली’, ‘कॅमेरा’.

११ जून: विंडोजची मांडणी

डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन चौकोन एकावर एक ओढले, वरचा बरोबर मध्यावर. खालचा २५६० रुंद, वरचा १९२०, म्हणजे दोन्ही टोकांना ३२० पिक्सेलची पट्टी अशी राहते की तिथून कर्सर वर जात नाही, अडतो. विंडोज ११ मध्ये कर्सर एका डिस्प्लेवरून दुसरीकडे सहज जाण्याची खूण आहे, ती सुरू केली.

मुख्य डिस्प्ले खालचा. सूचना मुख्य डिस्प्लेवरच उगवतात, म्हणून पकडली जाणारी स्क्रीन कधीच मुख्य करू नये. टास्कबार सगळ्या डिस्प्लेवर दाखवण्याची खूणही काढली. वरच्या स्क्रीनचं वॉलपेपर साधं गडद राखाडी केलं आणि डेस्कटॉपवरचे आयकॉन लपवले.

अक्षरांचं स्केल: खालचा १२५ टक्के, वरचा १०० टक्के. २७ इंचीवर इंचाला १०९ पिक्सेल, २४ इंचीवर ९२. अक्षरं वेगवेगळ्या आकाराची का दिसतात याचं कारण हे आहे, दोष कशातच नाही.

पेन टॅबलेट: इथे दोन तास गेले, पण ते घालवायलाच हवेत. टॅबलेट आपोआप दोन्ही स्क्रीनना मिळून जोडला जातो. आमची एकत्र जागा २५६० × २५२० पिक्सेल, जवळपास चौरस, आणि टॅबलेटचा पृष्ठभाग १६:१० चा. काढलेलं वर्तुळ उभ्या अंड्यासारखं झालं, उंची रुंदीच्या सुमारे १.६ पट. ड्रायव्हरमध्ये फक्त वरची स्क्रीन निवडली, तरी वर्तुळ आडवं थोडं ताणलेलंच राहिलं, कारण १६:१० आणि १६:९ मध्ये ११ टक्क्यांचा फरक आहे. ‘प्रमाण राखा’ ही खूण केल्यावर टॅबलेटची तळाची पट्टी निकामी झाली आणि वर्तुळ वर्तुळ झालं. भूमितीच्या वर्गात याहून महत्त्वाचं सेटिंग नाही. मुलं आकृतीवर डोळ्यांनी विश्वास ठेवतात.

१३ जून: ओबीएस

कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही १९२० × १०८०. तीन सीन (आधीच ठरवून ठेवलेल्या मांडण्या): फक्त चेहरा, स्लाइड आणि कोपऱ्यात चेहरा, फक्त स्लाइड. याहून जास्त सीन लाइव्हमध्ये वापरले जात नाहीत.

स्लाइडसाठी विंडो कॅप्चर (एकाच प्रोग्रामची खिडकी पकडणं) की डिस्प्ले कॅप्चर (अख्खी स्क्रीन पकडणं)? विंडो कॅप्चर सुरक्षित, पण स्लाइडवरून भूमितीच्या प्रोग्रामकडे गेलं की चित्र तिथेच राहतं. वर्ग थांबवून सोर्स बदलणं मुलांवर अन्याय आहे. म्हणून वरच्या स्क्रीनचा डिस्प्ले कॅप्चर घेतला. तो धोका वरची स्क्रीन स्वच्छ ठेवण्याच्या नियमाने सांभाळायचा. ओबीएसची खिडकी चुकून वर ओढली गेली तर चित्रात चित्र, त्यात चित्र असा बोगदा दिसतो. सोर्स बिघडलेला नसतो, खिडकी खाली आणली की संपलं.

पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शोसाठी वरचा मॉनिटर निवडला आणि प्रेझेंटर व्ह्यू सुरू ठेवला. पुढची स्लाइड आणि टिपणं खाली दिसतात.

खालच्या स्क्रीनची आखणी: वर मधोमध, लेन्सच्या थेट खाली, चॅटची रुंद आणि बुटकी खिडकी. डावीकडे प्रेझेंटर व्ह्यू, उजवीकडे ओबीएस, तळाशी लाइव्हचं नियंत्रणाचं पान, त्याचा आवाज बंद. आवाज सुरू राहिला तर काही सेकंदांनी आपलाच आवाज परत येतो. चॅट उभ्या लांब पट्टीत ठेवायची सवय मोडावी. लांब पट्टीत नवा प्रश्न सगळ्यात खाली येतो आणि नजर टेबलाकडे जाते.

१४ जून: दिवे, लुकलुक, चष्मा

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. कॅमेऱ्याचा शटर १/६० असला की भिंतीवर आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. कॅमेरा पॅल मोडमध्ये (५० हर्ट्झच्या विजेला जुळणारी पद्धत), सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. ओबीएसही २५ वर. कॅमेरा २५ आणि ओबीएस ३० ठेवलं तर दर सेकंदाला पाच फ्रेम दुहेरी होतात आणि हाताची हालचाल धक्के खात जाते. वेबकॅम वापरणाऱ्यांनी त्याच्या सेटिंगमध्ये लुकलुकविरोधी पर्याय ५० हर्ट्झवर आणावा. अनेकदा तो ६० वर असतो.

मॉनिटर स्वतःच चित्रात येणार असेल, म्हणजे खांद्यामागून दुसरा कॅमेरा लावला, तर १/५० शटरला ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर पट्टा फिरतो. मॉनिटर ५० हर्ट्झ स्वीकारत असेल तर तेवढ्या चित्रीकरणापुरता ५० वर आणावा. वरचा स्वीकारतो.

दोन स्क्रीन म्हणजे चेहऱ्यावर दोन निळसर दिवे. खालच्यावर पांढरं पान उघडं असलं की हनुवटी खालून उजळते आणि चेहरा आजारी दिसतो. खालची ब्राइटनेस ३५ वर आणली, सगळे प्रोग्राम गडद रंगात. मुख्य दिवा ५६०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), डावीकडे ४५ अंशांवर, डोळ्यांच्या वर दोन फूट. खिडकीला जाड पडदा. जूनमध्ये इथे सात-सव्वासातला सूर्य मावळतो आणि वर्ग सातचा, म्हणजे पडद्याशिवाय पहिल्या वीस मिनिटांत चेहऱ्याचा रंग तीनदा बदलतो.

चष्मा: काचेत खालची स्क्रीन दिसते, वरची नाही. काचा नैसर्गिकरीत्या थोड्या खाली कललेल्या असतात, त्यामुळे समोरच्या कॅमेऱ्याला त्या खालच्या बाजूचं दाखवतात. कानावरच्या काड्या चार-पाच मिमी वर उचलल्या की काच आणखी खाली कलते आणि प्रतिबिंब टेबलावर जातं. त्यासाठी टेबलावर काळं कापड अंथरलं आहे.

१८ जून: साठ मिनिटांची तालीम

पंधरा मिनिटांच्या तालमीत सगळं चालतं, म्हणून पूर्ण तास घ्यावा. आज चार गोष्टी मोडल्या.

मान. चाळीस मिनिटांनंतर मानेच्या मागे ओढ. वरच्या स्क्रीनचा मध्य ७३ सेंमीवर, म्हणजे डोळ्यांच्या २८ सेंमी वर. ७५ सेंमी अंतरावरून हा कोन २० अंशांहून जास्त. पुठ्ठ्यावर हे कळलं नाही, कारण कोऱ्या पुठ्ठ्यावर काही लिहायचं नव्हतं.

थरथर. कॅमेरा खांबालाच आडव्या हाताने पकडला होता. टॅबलेटवर पेन टेकला की खांब हलतो आणि चित्र थरथरतं. मॉनिटरची थरथर डोळ्याला जाणवत नाही, कॅमेऱ्याची प्रत्येक मुलाला दिसते.

माउस अडखळतो. कॅप्चर कार्डाशेजारच्या पोर्टात वायरलेस माउसचा डोंगल होता. यूएसबी ३ ची केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करते.

कॅमेरा तिसाव्या मिनिटाला झोपला. मेनूत पॉवर सेव्ह बंद करायचं राहिलं होतं.

२० जून: दुरुस्त्या

खालचा मॉनिटर ३ सेंमीपर्यंत उतरवला, त्याची वरची कड ३९ वर आली. फट १० सेंमी. वरचा आता ४९ ते ८१, मध्य ६५. खुर्ची ५ सेंमी मागे. कोन १४ अंशांवर आला. लेन्स ४४ वर, डोळ्यांच्या जवळजवळ रेषेत. चॅटची खिडकी लेन्सपासून १० सेंमी खाली, म्हणजे ७ अंश; रेकॉर्डिंगमध्ये वाचताना नजर हटल्याचं कळत नाही. कीबोर्ड खालच्या कडेखाली सरकवता येत नाही, एवढाच तोटा.

वर लिहायचं ते स्लाइडच्या खालच्या दोन-तृतीयांशात लिहावं असा साचा केला. वरच्या भागात फक्त धड्याचं नाव आणि प्रश्न.

कॅमेरा खांबावरून काढला. भिंतीत १० मिमीचे चार प्लग ठोकून लोखंडी ब्रॅकेट लावला, त्याचा हात टेबलामागच्या फटीतून दोन मॉनिटरच्या मधून पुढे येतो. टेबलाला कुठेच स्पर्श नाही. लेन्सचं तोंड मॉनिटरच्या पुढे ३ सेंमी; मागे ठेवलं तर रुंद कोनात काळ्या कडा चित्रात येतात. थरथर गेली.

कॅप्चर कार्ड पीसीच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टात, थेट. १०८० चं न दाबलेलं २५ फ्रेमचं चित्र सेकंदाला सुमारे ८३० मेगाबिट मागतं. यूएसबी २ चा पोर्ट कागदावरही ४८० च देतो. चुकीच्या पोर्टात कार्ड चालल्यासारखं दिसतं, फक्त चित्र दाबलेलं किंवा अडखळत येतं. माउसचा डोंगल दीड मीटरच्या यूएसबी २ एक्स्टेन्शनने टेबलावर आणला. कॅमेऱ्यात डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसून तारेने वीज देणारी), पॉवर सेव्ह बंद.

२३ जून: आवाज

माइकचा हात वरून आणला तर तो नेमका लेन्स आणि वरच्या स्क्रीनमध्ये येतो. बुटका हात घेऊन माइक खालून आणला, तोंडापासून १८ सेंमी, वर बघणारा. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूचं सगळ्यात कमी ऐकतो, आणि आता मागची बाजू कीबोर्डाकडे आहे.

हेडफोनमध्ये बारीक ५० हर्ट्झची गुणगुण होती. वरच्या मॉनिटरची एचडीएमआय काढली की कमी व्हायची. सॉकेट टेस्टर लावून पाहिल्यावर कळलं की खोलीतल्या जुन्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. वायरमनकडून जोडून घेतली. पीसी, दोन्ही मॉनिटर आणि ऑडिओ इंटरफेस (माइक पीसीला जोडणारा डबा) एकाच बोर्डावर घेतले. गुणगुण संपली. अर्थिंगची पिन तोडून किंवा दोन पिनांचा प्लग वापरून गुणगुण घालवणारे असतात. तसं कुणीही करू नये, धातूच्या पेटीत वीज उतरली तर माणूस जातो.

२६ जून: एडिटिंगची मांडणी

लाइव्हमध्ये वर मुलांची स्क्रीन, एडिटिंगमध्येही वर मुलांचीच: पूर्ण स्क्रीन प्रिव्ह्यू. खालच्या १४४० वर टाइमलाइन. एडिटिंगच्या प्रोग्रामपैकी प्रीमियरमध्ये प्लेबॅकच्या प्रेफरन्समधून मर्क्युरी ट्रान्समिट सुरू करून वरचा मॉनिटर निवडायचा. रिझॉल्व्हमध्ये वर्कस्पेसमधून व्हिडिओ क्लीन फीड. १०८० चा व्हिडिओ १०८० च्या स्क्रीनवर शंभर टक्के दिसतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा खऱ्या कळतात.

वरच्या मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसत होता. एचडीएमआयवर ड्रायव्हरने मर्यादित पल्ला, १६ ते २३५, धरला होता. पूर्ण पल्ला, ० ते २५५, केल्यावर काळा काळा झाला. हे न तपासता रंग सुधारले असते तर प्रत्येक व्हिडिओ गरजेपेक्षा गडद निघाला असता.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पॅनेलं तंतोतंत जुळत नाहीत, त्यात आठवडा घालवू नये. दोन्ही ६५०० केल्विन आणि एसआरजीबीवर (वेबचा नेहमीचा रंगपल्ला) आणली, एचडीआर बंद. वरची खरी धरायची हे ठरलं आणि तसं टेपवर लिहून चिकटवलं.

३० जून: भार

दोन स्क्रीन, कॅमेरा आणि एन्कोडिंग (चित्र दाबून पाठवण्याजोगं करणं) एकत्र चालल्यावर ओबीएसच्या आकडेवारीत तीन वेगळ्या ओळी बघाव्या. रेंडरिंगमुळे हुकलेल्या फ्रेम म्हणजे ग्राफिक्स कार्ड थकलं. एन्कोडिंगमुळे वगळलेल्या फ्रेम म्हणजे एन्कोडरला पेललं नाही. नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेम म्हणजे इंटरनेट. तिन्हींचा परिणाम मुलांना सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगळे. नेट अडखळत असताना कार्डाची सेटिंग कमी करून काही होत नाही.

आज पहिल्या ओळीत अडीच टक्के. खालचा मॉनिटर १४४ हर्ट्झवर होता. दोन्ही ६० वर आणले आणि ओबीएस प्रशासक म्हणून सुरू केलं, म्हणजे विंडोज त्याला कार्डावर अग्रक्रम देतं. तासभरात आकडा शून्य.

एन्कोडिंग कार्डावरच्या एन्व्हीइएनसीवर (कार्डातच असलेला एन्कोडर), स्थिर बिटरेट ६,००० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), कीफ्रेम (पूर्ण पाठवलेली फ्रेम) २ सेकंदांनी. आवाज १६० केबीपीएस. अपलोड किमान १० एमबीपीएस सलग हवा, आणि तारेने. राउटर त्याच खोलीत असला तरी वायफायवर वर्ग घेऊ नये.

३ जुलै: वीज घालवून पाहिली

मीटर लावून मोजलं: वर्ग चालू असताना पीसी २२० वॉट, मॉनिटर ३५ आणि २२, राउटर आणि कॅमेरा मिळून २० च्या आत. ३०० च्या आसपास. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॉटचा असतो, तो काठावर. ११०० व्हीए घेतला. राउटर आणि फायबरचा डबा यूपीएसवर घ्यायला लोक विसरतात, मग पीसी चालू आणि वर्ग बंद. दिवा मात्र यूपीएसवर नाही, त्यासाठी छोटा बॅटरीचा दिवा जवळ.

मेन स्विच खाली केला. लाइव्ह टिकलं, नऊ मिनिटं मिळाली. मुलांना ‘वीज गेली, दोन मिनिटांत सांगतो’ म्हणायला आणि नीट संपवायला तेवढी पुरतात.

आणखी एक सापडलं. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर बटणाने बंद केला की विंडोजला तो काढून टाकल्यासारखा वाटतो. खालच्या सगळ्या खिडक्या, चॅटसकट, वरच्या स्क्रीनवर उडी मारतात. वरची स्क्रीन लाइव्ह असताना हे झालं तर जे टाळायचं तेच होतं. खालच्या मॉनिटरच्या बटणावर टेप लावला. खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची विंडोजची खूण सुरू केली. स्क्रीन झोपण्याची वेळ ‘कधीच नाही’. मॉनिटरमधलीही ऊर्जाबचत बंद, ती वेगळ्या मेनूत असते.

५ जुलै: पहिला वर्ग

सुरुवातीआधी वीस मिनिटं या क्रमाने: यूपीएस, दोन्ही मॉनिटर, मग पीसी. वर्तुळ काढून पाहणं. डू नॉट डिस्टर्ब. वरच्या स्क्रीनवर स्लाइडशिवाय काही नाही. ओबीएस, आकडेवारी उघडी. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, ते मोबाइलवर इअरफोन लावून ऐकणं. मगच लाइव्ह.

हुकलेल्या फ्रेम शून्य, गळालेल्या ११. कॅमेऱ्यात नजर बरोबर. एका मुलीने चॅटवर विचारलं की घातांक २ आहे की ३. स्लाइडचा फॉन्ट २४ वरून ३२ केला, पेनची जाडी ३ वरून ५.

९ जुलै: क्लॅम्प

महिनाभराने क्लॅम्पचा स्क्रू पाव फेरा आणखी फिरला. प्लाय दाबून बसली आहे. लेव्हल लावली: खांब सरळ, वरचा मॉनिटर डावीकडे एक मिमी उतरलेला, कडी सोडून पुन्हा बसवली. पुढची तपासणी ९ ऑगस्टला, त्यानंतर दर तीन महिन्यांनी.